बॅटरी भरलेली, तरी विमान खाली का येते?

विजेवर उडणारे छोटे विमान बनवणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार हमखास असते. बॅटरी पूर्ण भरलेली असते, मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. विमान सुटते, उंची घेते आणि थोड्याच वेळात मोटर बंद पडते. खाली आणून मोजावे, तर आकडा पुन्हा बाराच्या वर! साहजिकच दोष मोटरीवर ढकलला जातो. नवी मोटर येते, पैसे जातात आणि दोष आहे तिथेच राहतो.

हा प्रश्न आता केवळ खेळण्यांचा राहिलेला नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून यंत्रमानव आणि ड्रोन यांवर काम झाले आहे. शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्येही याच जातीच्या मोटरी व लिथियम बॅटऱ्या असतात. तेव्हा दोष शोधण्याची रीत शाळेतच शिकलेली बरी.

आकडा कुठे फसवतो?

बॅटरीला काहीही जोडलेले नसताना जवळजवळ विद्युतधारा वाहत नाही. त्या वेळी मिळणारा विद्युतदाब बॅटरीच्या प्रकृतीबद्दल फारच थोडे सांगतो. प्रत्येक बॅटरीच्या पोटात थोडा रोध दडलेला असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. धारा वाहू लागली की धारा गुणिले अंतर्गत रोध एवढा दाब आतच खर्च होतो.

समजा, तीन घटांच्या नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०३ ओहम आहे आणि मोटर २० अँपिअर धारा घेते. आत ०.६ व्होल्ट जातील, बाहेर १२ मिळतील. बॅटरी जुनी होऊन रोध ०.१५ ओहम झाला, तर ३ व्होल्ट आतच जातील आणि ९.६ उरतील. म्हणजे दर घटाला ३.२ व्होल्ट. मोटरीचा वेगनियंत्रक साधारण एवढ्याच दाबाला 'बॅटरी संपली' असे समजतो आणि मोटर थांबवतो. धारा थांबली की दाब पुन्हा वर चढतो, म्हणून जमिनीवर सारे ठीक दिसते. शिवाय आत ६० वॉट उष्णता निर्माण होते, ती वेगळीच. उतरल्यावर बॅटरी हाताला चटका देते, त्याचे कारण हे.

वर्गात करण्याजोगी चाचणी

यासाठी पंखा फिरवण्याची गरज नाही. मोटारगाडीचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा दिवा बॅटरीला जोडा. आधीचा दाब, दिवा लागल्यावरचा दाब आणि धारा मोजा. दाब १२.६ वरून ११.९ वर आला आणि धारा ४.६ अँपिअर असली, तर ०.७ भागिले ४.६, म्हणजे सुमारे ०.१५ ओहम. हा रोग झाला! दाब साडेबाराच्या आसपास राहिला, तर बॅटरी निर्दोष. दिवा पेटलेला असताना पांढऱ्या छोट्या जोडणीवरून प्रत्येक घटाचा दाबही वेगळा मोजावा. पुष्कळदा तिघांपैकी एकच घट दुबळा निघतो.

मग जोडांकडे वळावे. नीट न बसलेल्या डागाचा रोध ०.०२ ओहम असला तरी २० अँपिअरला तिथे ८ वॉट जळतात. दिवा जोडाच्या पलीकडे ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना दाब मोजावा. फरक ठळक असेल तर दोष तिथेच आहे.

मोटरीची परीक्षा

ब्रश नसलेल्या मोटरीला तीन तारा असतात. पंखा काढून, तारा सोडवून दांडा बोटांनी फिरवा. तो सहज फिरायला हवा. आता कोणत्याही दोन तारांची टोके जुळवून फिरवा. दांडा जड लागेल, कारण प्रेरित धारा गतीला विरोध करते. लेन्झचा नियम बोटांना कळतो तो असा. तिन्ही जोड्यांत अडथळा सारखाच असावा. एखाद्या जोडीत तो नसेल, तर तार तुटलेली आहे. तारा सुट्या असतानाही जडपणा राहिला, तर आतील वेटोळी एकमेकांना भिडल्याचा संशय घ्यावा. खरखर जाणवली तर आत माती गेली असेल. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते मोटरीच्या चुंबकांना घट्ट चिकटतात. उतरलेले विमान ढेकळात घासले असेल तर हे आधी पाहावे.

मोटर चांगली असून तापत असेल, तर पंख्याचा व्यास पाहावा. फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या, तर ८ इंची पंख्याऐवजी त्याच पिचचा १० इंची पंखा लावल्यास लागणारी शक्ती जवळजवळ अडीचपट होते.

ऋतूंचा हिशोब

परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. मे महिन्यात ४२ अंश सेल्सिअसला इथली हवा, समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. पंख्याची ओढ त्या मानाने घटते. त्यात मोटरीचा दोष नाही. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा थंडीने अंतर्गत रोध वाढतो आणि चांगली बॅटरीही सुस्त वाटते. ती खिशात ठेवून कोमट केली की सुधारते. म्हणून बॅटरीची चाचणी नेहमी सारख्याच तापमानाला करावी.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा भरू नये. ती पेट घेऊ शकते. उन्हात किंवा उड्डाणाने तापलेली बॅटरी निवल्यावरच, शिक्षकांच्या नजरेसमोर, विटेवर किंवा फरशीवर ठेवून भरावी. कोणत्याही घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये, ३ च्या खाली उतरू देऊ नये.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक बॅटरीवर क्रमांक घालून तिचा अंतर्गत रोध दर महिन्याला वहीत नोंदवावा. वर्षअखेरीस आलेख काढला, तर कोणती बॅटरी केव्हा दगा देणार, हे विमान पडण्याआधीच दिसेल.