टोकियोचे रूथ आणि नामी



जपानी सिनेमा म्हटला की आपल्या नातवंडांना भुतं आठवतात. लांब केसांची बाई, पडकी विहीर, अंधार! आज ज्या सिनेमाबद्दल आम्ही लिहितो आहोत त्यात भूत नाही. तरी त्यात गेलेला माणूस शेवटपर्यंत घर सोडत नाही.

सिनेमाचं नाव 'एगोइस्ट', म्हणजे स्वार्थी माणूस. दिग्दर्शक दाइशी मात्सुनागा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो टोकियोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जपानच्या थिएटरांत लागला. माकोतो ताकायामा या लेखकाने स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेल्या कादंबरीवरून तो केला आहे. लेखक २०२० सालीच वारले, त्यांना तो पाहायला मिळाला नाही.

गोष्ट साधी आहे. कोसुके टोकियोत फॅशनच्या मासिकात संपादक. पैसा आहे, भारी कपडे आहेत, पण चौदाव्या वर्षी आई गेली ते दुःख आत तसंच आहे. त्याला र्‍यूता नावाचा तरुण भेटतो, व्यायाम शिकवणारा. घरी आजारी आई, तिच्यासाठी र्‍यूता मिळेल ते काम करतो, मनाविरुद्धही करतो. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. कोसुके त्याला दर महिन्याला पैसे देऊ लागतो, आईसाठी. आणि एके दिवशी र्‍यूता अचानक जातो. तरणाताठा मुलगा, झोपला तो उठलाच नाही.

आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. दोन पुरुषांचं प्रेम? तोराहमध्ये काय लिहिलं आहे ते आम्हांलाही ठाऊक आहे, आणि त्याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. आम्हांला टोचला तो दुसराच प्रश्न. माणूस गेला की रडायचा हक्क कोणाला?

आपल्याकडे शिवा कोणी बसायचं ते ठरलेलं आहे: आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको. कोसुके यांत कुठेच नाही. अंत्यविधीला तो इतरांसारखा परका म्हणून येतो आणि तिथेच कोसळतो. त्याला सावरते ती र्‍यूताची आई, ताएको. तिला सगळं आधीच कळलेलं असतं, आणि मुलाला माया करणारं कोणीतरी मिळालं याचंच तिला समाधान असतं.

यापुढे सिनेमा खरा सुरू होतो. कोसुके त्या म्हातारीकडे जात राहतो. पैसे देतो, ती नको नको म्हणते, मग घेते. दोघं एका टेबलावर जेवतात. पुढे ती इस्पितळात पडते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगते, हा माझा मुलगा.

इथे आम्हांला रूथ आठवली. शाबुओथला आपण ते पुस्तक वाचतो. नवरा मेला, ओर्पा माहेरी परतली, रूथ मात्र सासूला सोडून गेली नाही. शेवटी बायका नामीला काय म्हणाल्या? ही सून सात मुलांपेक्षा बरी. त्याच रूथच्या वंशात दावीद राजा झाला.

कोसुकेच्या मनात मात्र सल असतो. हे मी तिच्यासाठी करतो की स्वतःच्या मेलेल्या आईसाठी? मग मी स्वार्थीच ना? ताएकोचं उत्तर साधं आहे: प्रेम म्हणजे काय हे तुला कळलं नाही तरी चालेल, ज्यांना ते मिळालं त्यांना ते प्रेम वाटलं, तेवढं पुरे.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. जपानमध्ये ओबोन नावाचा सण असतो. टोकियोत जुलैच्या मध्यावर, बाकी बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये. मेलेले पूर्वज तेव्हा घरी येतात अशी समजूत आहे. म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, लवकर येण्यासाठी. वांग्याचा बैल करतात, सावकाश परत जाण्यासाठी! हसू नका हं. आपल्या आजी-पणजीही मानत की किप्पूरला पितर घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आजीला विचारून पाहा.

सिनेमा मोठ्यांसाठी आहे, मुलांना आत्ता दाखवू नका. कॅमेरा हातात धरलेला, भपका नाही, नटांचे चेहरे जवळून दिसतात. र्‍यूताचं काम करणाऱ्या हिओ मियाझावाला २०२३ मध्ये आशियाई चित्रपट पुरस्कार मिळाला. पण आमच्या मते सिनेमा खरा ताएकोचा, ते काम केलं आहे सावाको आगावा यांनी.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणाच्या घरी दुखवट्याला जाल तेव्हा दाराशी कोपऱ्यात गप्प उभा असलेला एखादा माणूस दिसेल. मैत्रीण असेल, शेजारी असेल, कोण ते कोणी सांगणार नाही. त्यालाही बसायला खुर्ची द्या. चहा विचारा.