केसपेपरवरचा शिक्का

स्त्री आणि पुरुष अशा दोघांविषयीही प्रेम किंवा शारीरिक ओढ वाटणे म्हणजे उभयलैंगिकता. शाळेच्या विज्ञानात ‘उभयलिंगी’ हा शब्द जास्वंदीसारख्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असलेल्या फुलासाठी येतो. माणसासाठी तोच शब्द वापरला की शरीराविषयी भलताच समज होतो. इथे प्रश्न शरीराच्या रचनेचा नसून ओढीचा आहे. ती दोन्हीकडे सारखी असते असे नाही, आणि एकाशी लग्न लागले म्हणून दुसरी विझते असेही नाही. मुंबईत 1995 साली ‘स्त्री संगम’ या नावाने सुरू झालेला गट पुढे ‘लेबिया’ (लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अ‍ॅक्शन) झाला, त्या नावात उभयलैंगिक स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम आहे.

उभयलैंगिकता हा आजार नाही. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा मात्र आजार आहे, आणि त्रासदायक आजार आहे. भावना झपाट्याने चढतात-उतरतात, जवळचे माणूस सोडून जाईल ही धास्ती सतत असते, आत पोकळी वाटते, रागाच्या भरात स्वतःलाच इजा करण्यापर्यंत मजल जाते. ‘बॉर्डरलाइन’ हे नाव 1938 मध्ये अडॉल्फ स्टर्न यांच्या लेखातून रुळले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार 1980 साली आला. तिच्यातल्या नऊ निकषांपैकी किमान पाच जुळले तर निदान होते. त्यातला एक निकष म्हणजे ‘मी कोण’ याविषयीची टिकून राहणारी अस्थिरता.

घोळ होतो तो याच निकषावर. पुस्तिकेच्या 1987 च्या आवृत्तीत या अस्थिरतेच्या खुणा सांगताना लैंगिक कलाविषयीची अनिश्चितताही मोजली होती. 1994 च्या आवृत्तीत निकषाच्या वाक्यातून ती गेली, डोक्यांतून गेली नाही. आज पुरुष आवडतो, पूर्वी बाई आवडली होती, असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याला ती चंचलता वाटते. वास्तविक दोन्ही आवडी वर्षानुवर्षे कायम असतील तर त्यात अस्थिर काहीच नाही. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञांना काल्पनिक रुग्णाचे वर्णन वाचायला दिले होते. तक्रारी त्याच, बदलले फक्त रुग्णाचे आणि जोडीदाराचे लिंग. जो पुरुष रुग्ण समलिंगी किंवा उभयलैंगिक असावा असे वाटले, त्याच्या वाट्याला बॉर्डरलाइनचे निदान अधिक आले.

दुसरा फास निदानानंतर बसतो. ब्रिटनमधल्या लुइस आणि अ‍ॅपलबी यांनी 1988 मध्ये दाखवले की ‘व्यक्तिमत्त्व विकार’ ही आधीची नोंद नुसती वाचली तरी मनोविकारतज्ज्ञांना तो रुग्ण नावडता, कटकट्या आणि मदतीला कमी पात्र वाटतो. पुढचे संभाषण ठरलेले असते. रुग्ण म्हणते, मला मुलीही आवडतात. उत्तर येते, हा आजाराचाच भाग, लग्न झाले की निवळेल. ती चिडते, चिडणेही लक्षण म्हणून लिहिले जाते. ती येणे बंद करते, तर ‘उपचार अर्धवट सोडले’ अशी नोंद होते. तक्रार करायला जागाच उरत नाही, आणि हे सगळे बहुधा सोबत आलेल्या आईसमोर किंवा भावासमोर घडते.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात या अडचणी दुप्पट होतात. दाट वस्ती, एकमेकांना ओळखणारी घरे, यंत्रमागावरची रोजी. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचे, अंतरही फार नाही. पण जायचे तर कामावर खाडा पडतो आणि कुठे चाललीस याचे उत्तर घरी द्यावे लागते. पहिल्याच भेटीत वाटेला लावले गेलेले माणूस दुसऱ्यांदा तो खाडा करत नाही. नुकसान असे की, ज्याला खरोखरच दोन्ही आहेत, म्हणजे उभयलैंगिकताही आणि हा विकारही, त्याचा बरा होऊ शकणारा त्रास मागे पडतो आणि ज्या ओढीला उपचारच नको तिच्यावर वेळ जातो.

या विकारावर उपचार आहेत. मार्शा लिनहान यांनी 1993 मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी रुग्णाचे म्हणणे खरे मानून सुरू होते आणि मग भावना सावरण्याची कौशल्ये शिकवते. लिनहान यांनी 2011 मध्ये तरुणपणीच्या स्वतःच्या तीव्र मनोविकाराची कहाणी जाहीर केली. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी क्विअर (समलिंगी, उभयलैंगिक, ट्रान्स अशा) व्यक्तींना स्वीकारणाऱ्या समुपदेशनाचे प्रशिक्षण चालवले आहे. अशा समुपदेशकाला कोणी कोणावर प्रेम करावे हा उपचाराचा विषय वाटत नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीर केले.

कायदा याहून स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 3 नुसार समाजाची नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्ये पाळली नाहीत एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम 21 लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई करते, कलम 23 गुप्ततेचा हक्क देते, म्हणजे भावाला खोलीबाहेर बसवा असे रुग्ण म्हणू शकतो. कलम 25 प्रमाणे आपल्या उपचारांच्या नोंदी मागता येतात, त्या घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. घरातून बाहेर पडणेच शक्य नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येते.