दस्तऐवज सर्वांना उघडता यावा म्हणून

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यामुळे येथील गावांचे जुने अभिलेख भंडाऱ्याच्या नावाने आढळतात. मालगुजारी तलावांच्या नोंदी तर त्याहूनही जुन्या आहेत. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, अधिकारी बदलले, तरी जपून ठेवलेला कागद आजही वाचता येतो. संगणकावर लिहिलेल्या मजकुराची स्थिती वेगळी आहे. तो वाचण्यासाठी योग्य फॉन्ट लागतो आणि फाईल उघडणारी प्रणालीही लागते. यांपैकी एक जरी नसले तरी ग्रामसभेचा ठराव किंवा सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा मसुदा असूनही नसल्यासारखा होतो.

अक्षरांचा अडसर

संगणक अक्षरे साठवीत नाही, संकेतांक साठवितो. 'कृतिदेव'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांसाठी रोमन अक्षरांचेच संकेतांक वापरले गेले. तेथे 'क' हे अक्षर वस्तुतः रोमन 'डी' म्हणून साठविले जाते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पडद्यावर केवळ निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातून आलेला हिंदी मजकूर अशा फॉन्टमध्ये असल्यास हाच अनुभव येतो.

युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक आहेत. १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये भारतीय भाषांतील ई-प्रशासनासाठी हेच मानक स्वीकारले.

फाईलची रचना

दुसरा अडसर फाईलच्या रचनेचा, म्हणजेच फॉरमॅटचा होय. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या '.डॉक' फाईलची रचना दीर्घकाळ त्या कंपनीपुरतीच मर्यादित होती. तिचे तपशील २००८ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. तोपर्यंत इतर प्रणालींना बऱ्याच अंशी अंदाजानेच ती वाचावी लागे.

याउलट, 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट'ची रचना प्रारंभापासून खुली आहे. २००६ मध्ये त्यास आयएसओ २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. वर्डच्या नव्या '.डॉकएक्स' फाईलमागील रचनेलाही २००८ मध्ये आयएसओची मान्यता मिळाली. मात्र त्या मतदानात भारतीय मानक ब्यूरोने विरोधी मत नोंदविले होते. २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. शासकीय माहिती कोणत्याही एका विक्रेत्यावर अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार आहे.

रूपांतरात काय बिघडते

आज लिबरऑफिस '.डॉकएक्स' उघडते आणि वर्डही '.ओडीटी' उघडते. साधे पत्र सहसा सुरळीत उघडते. तथापि गुंतागुंतीचे तक्ते, आपोआप पडणारे परिच्छेद-क्रमांक आणि मॅक्रो यांत फरक पडू शकतो. हिशेबाच्या तक्त्यांतील सूत्रांचे मानक 'ओपन डॉक्युमेंट'मध्ये २०११ च्या १.२ या आवृत्तीपासूनच आले. म्हणून ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाचे रूपांतर केल्यानंतर बेरजा पडताळणे अगत्याचे आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेगळी दक्षता हवी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविली जातात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'गोंदिया'तील ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत 'द'च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. 'अर्जुनी'तील रफाराचा क्रमही असाच उलटतो. रूपांतरात चूक होते ती बहुधा अशाच ठिकाणी. आणि लाभार्थ्याच्या नावात ती झाली, तर त्याचा त्रास त्या कुटुंबाला होतो.

कार्यालयांनी घ्यावयाची काळजी

नवा मजकूर नेहमी युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. ज्यात पुढे दुरुस्ती होणार आहे, अशी प्रत '.ओडीटी' किंवा '.ओडीएस' स्वरूपात ठेवावी. अंतिम प्रत पीडीएफ-ए स्वरूपात जतन करावी. दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये मानक ठरलेल्या या प्रकारात फॉन्ट फाईलमध्येच समाविष्ट असतो. मात्र जुन्या फॉन्टमधून केलेली पीडीएफ दिसावयास अचूक असली, तरी तिच्यात मराठी शब्दाचा शोध लागत नाही. रूपांतर करताना मूळ फाईल नष्ट करू नये. नावे, गट क्रमांक आणि रकमा मुळाशी ताडून पाहाव्यात.

संगणकात साठविलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळविण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने नागरिकांस दिला आहे. दिलेली फाईल त्यांच्याकडे उघडलीच नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो. यासाठी मोठा खर्च लागत नाही. फाईल जतन करताना योग्य पर्याय निवडण्याची सवय तेवढी लागते. ही सवय ग्रामसेवक, शिक्षक आणि लिपिक यांनी आज लावून घेतली, तर सालेकसा वा देवरीच्या गावातील आजचा ठराव पुढील पिढीलाही वाचता येईल.