माती, पाणी आणि मिथेन

कल्याण स्थानक सोडून कर्जतकडे निघालेली आगगाडी उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे या लोहमार्गावर ओळीने वसली आहेत. आज तेथे दाट वस्ती असली, तरी शंभर वर्षांपूर्वी या भागात मुख्यतः भातखाचरे, माळ आणि जंगल होते. उल्हासनगराच्या जागी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आसरा मिळाला आणि १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली. जमीन तीच राहिली, तिचा उपयोग मात्र बदलला. जमिनीचा उपयोग बदलला की तिच्यातून हवेत जाणारे वायूही बदलतात. मिथेन हा त्यांपैकी एक होय.

इटलीतील शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला. चिखलातून बुडबुडे वर आले. त्यांतील वायू त्यांनी बाटलीत धरला व त्याला ज्योत लावली. तो जळू लागला. हाच मिथेन. त्याला रंग नाही, वास नाही. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात.

पालापाचोळा, मुळे, धसकटे मातीत कुजतात, तेव्हा सूक्ष्म जीव त्यांचे विघटन करीत असतात. मातीत हवा खेळती असेल, तर या विघटनातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. परंतु माती पाण्याखाली बुडाली की तिला प्राणवायू मिळेनासा होतो. अशा ठिकाणी प्राणवायूवाचून जगणारे वेगळे जीव कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. पावसाळ्यात तुंबलेल्या खाचरात हेच घडते. भाताच्या दांड्यांतील पोकळ्या जणू नळ्यांचे काम करतात. खाचरातील पुष्कळसा मिथेन त्यांवाटे हवेत जातो. याउलट जंगलातील कोरड्या, भुसभुशीत मातीत मिथेन खाणारे जीव असतात. ती माती हवेतील थोडा मिथेन शोषून घेते.

मिथेन हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो. परंतु शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवतो. म्हणून त्याची मोजदाद महत्त्वाची ठरते.

ही मोजदाद करताना आणि दोन प्रदेशांची तुलना करताना सावधगिरी हवी. आफ्रिकेतील दक्षिण सुदान या देशात श्वेत नाईल नदीची सुद्द नावाची अफाट दलदल आहे. तिच्यातून मिथेन निघतो. पण ती दलदल निसर्गाने घडवली आहे. मादागास्कर बेटावर लोकांनी दऱ्याखोऱ्यांतून भातशेते तयार केली. तेथील मिथेन मनुष्याच्या उद्योगातून येतो. तथापि, त्यांपैकी काही शेतांच्या जागी पूर्वीही दलदलच होती; म्हणजे तेथून मिथेन आधीही निघत होता. तेव्हा नुसती एकूण बेरीज पाहून निर्णय देता येत नाही. पूर्वी त्या जमिनीतून किती मिथेन निघत होता, आता किती निघतो आणि दोहोंत फरक किती, हे पाहावे लागते. शिवाय ती जमीन किती मोठी आहे आणि वर्षातून किती दिवस पाण्याखाली असते, हेही विचारात घ्यावे लागते.

हाच नियम उल्हास खोऱ्याला लावून पाहावा. भातखाचरावर इमारत उभी राहिली, तर खाचरातला मिथेन थांबतो. मग शहर वाढणे हितकारक म्हणावे काय? तसे नाही. त्या इमारतीतील कुटुंबांचा ओला कचरा कोठेतरी जाऊन पडतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्याच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तेथे मिथेन तयार होतो. सांडपाणी ज्या नाल्यात साचून कुजते, तेथेही तेच घडते. बदलापूरजवळ बारवी धरण आहे. अशा जलाशयात बुडालेली झाडेझुडपे तळाशी कुजतात, तेव्हाही हा वायू निघतो. सारांश, शेत गेल्याने मिथेनचा प्रश्न सुटत नाही. त्याचा उगम दुसरीकडे सरकतो. शेताबरोबर धान्य मात्र जाते, आणि पावसाचे पाणी मुरवणारी मोकळी जमीनही जाते.

यावर उपाय आहेत. खाचरात सतत पाणी न तुंबवता मधून मधून ते काढून टाकले, तर मातीला हवा मिळते व मिथेन कमी होतो. बदलापूरच्या पुढे, नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात नांगरणी, चिखलणी व लावणी न करता गादीवाफ्यांवर भात पेरतात. त्यामुळे मुळांशी हवा राहते. शहरात ओला कचरा वेगळा ठेवून हवेशीर खड्ड्यात कुजवला, तर त्याचे खत होते. बंद टाकीत कुजवला, तर त्यातला मिथेन चुलीसाठी इंधन म्हणून वापरता येतो.

मिथेन हवेत थोडीच वर्षे टिकतो, म्हणूनच तो आज कमी केला, तर त्याचे फळ याच पिढीला पाहायला मिळेल. जमिनीचा उपयोग बदलणे पुष्कळदा अटळ असते. निर्वासितांना घरे हवी होती, नगरांना पाणी हवे होते. परंतु बदल करताना जमीन काय देत होती आणि पुढे काय देणार आहे, याचा हिशेब मांडणे मनुष्याच्या हाती असते.