पोरके कोण, चुकामूक झालेले कोण?

नैरोबी : दुधाची मोठी बाटली, हिरवा डगला घातलेला राखणदार आणि पाठीवर ब्लँकेट घेतलेले हत्तीचे पिल्लू. केनियाची ही छायाचित्रे जगभर फिरतात. ती पाहून वाळवा तालुक्यातल्या उसात सापडणाऱ्या बिबट्याच्या बछड्यांसाठीही असे अनाथालय काढावे, असे कुणालाही वाटेल. मला ते चूक वाटते, आणि त्याचे कारण केनियाच्याच अनुभवात आहे.

या देशाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. त्याच वर्षी वन्यजीव रक्षक डेव्हिड शेल्ड्रिक वारले आणि पत्नी डॅफ्नी यांनी त्यांच्या नावाने हत्तीची पोरकी पिल्ले सांभाळणारी संस्था उभी केली. तान्ह्या हत्तीला गाईच्या दुधातली चरबी पचत नाही. खोबरेल तेलाचा उपाय हाती लागेपर्यंत कित्येक पिल्ले दगावली. त्याहून कठीण धडा आयेशा नावाच्या पिल्लाने दिला. ते एकट्या डॅफ्नींना बिलगले होते. लेकीच्या लग्नासाठी त्या काही दिवस दूर गेल्या, तर त्याने झुरून प्राण सोडला. म्हणून आता राखणदार रात्री पिल्लांजवळ आळीपाळीने झोपतात. पुढे ही पिल्ले त्सावोच्या रानात जातात, आणि तिथे आधी मोकळे झालेले अनाथ हत्ती त्यांना आपल्यात घेतात. हे सारे संगोपन त्या कळपाच्या भरवशावर चालते.

बिबट्याला कळप नसतो. शिकार करणे आणि माणसापासून लपणे हे त्याला एकटी आईच शिकवते, तेही दीड-दोन वर्षे. बाटलीवर वाढलेला बछडा माणसाला बुजत नाही; त्याला सोडणे धोक्याचे, म्हणून जन्मभर पिंजरा. शिवाय वाळव्यात तोडणीच्या वेळी सापडणारे बछडे बहुतेकदा पोरके नसतातच. आई भक्ष्याला गेलेली असते किंवा कोयत्यांच्या आवाजाने शेजारच्या फडात सरकलेली असते. त्यामुळे वनखाते बछडे तपासून, सापडले त्याच जागी संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवते, कॅमेरे लावते आणि माणसे दूर करते. जुन्नरपासून आपल्या भागापर्यंत अशा कितीतरी माद्यांनी पिल्ले उचलून नेली आहेत. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत त्यांनीच खोटी ठरवली.

वस्तीवरच्या बाईने विचारावे, की मादी परत बोलावून आमच्या पोरांचे काय? हा प्रश्न रास्त आहे. पण बछडे उचलले म्हणून मादी निघून जात नाही. ती त्याच शिवारात बिथरून शोधत फिरते. तिलाच पकडून लांब सोडावे, तर जुन्नर परिसरातल्या स्थलांतरांचा वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगतो की, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. आई खरोखर मेली असेल, तर बिबटे सांभाळणारे जुन्नरच्या माणिकडोहसारखे केंद्र आहेच. एरवी बछडा दिसताच मुकादमाने तेवढ्या फडाची तोड थांबवावी, फोटोसाठी त्याला कुणी उचलू नये आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे. एक दिवस तोड थांबली तर टोळीची मजुरी बुडते. ती भरून देण्याची सोय कारखान्यांनी गळीत हंगामाआधीच करून ठेवायला हवी.