रेल्वे ते विमान : मधली एक रात्र

राहाता म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पेरू आणि शेजारची शिर्डी. त्यामुळे मुक्काम या विषयात आम्ही तज्ज्ञच. गुरुवारी खोली मिळणं किती अवघड, रामनवमीला आणि गुरुपौर्णिमेला किती दिवस आधी बुकिंग करायचं, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही तोंडपाठ सांगेल. गंमत अशी की हे सगळं ज्ञान दुसऱ्यांच्या मुक्कामाचं. स्वतःला रेल्वेने मुंबईला जाऊन तिथून विमान पकडायचं असेल तर घराघरात एकच उत्तर असतं, "बघू तिथे गेल्यावर, डोंबिवलीला आपले कुणीतरी आहेतच की!"

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण एक-दोन वर्षांत एमएससाठी किंवा नोकरीसाठी विमानतळ गाठणार आहेत. काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला आणि देशातल्या देशात जायची सोय झाली, पण परदेशी जायचं तर आपल्याला अजून मुंबईच. माझी चुलत बहीण, म्हणजे ताई, जर्मनीला निघाली तेव्हा "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग तूच ठरव" असं म्हणून काकांनी हे काम माझ्याकडे दिलं. काकांनी पेरूची बाग तारण ठेवून कर्ज काढलं होतं. विमान चुकलं तर नुसतं तिकीट जात नाही, युनिव्हर्सिटीत हजर व्हायची तारीखही जाते. म्हणून मी हे जरा सीरियसली घेतलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील आणि पहिलं लेट झालं, तर पुढची सोय विमान कंपनी बघते. रेल्वे आणि विमान ही मात्र दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे करार. गाडी कसाऱ्याला अडकली याच्याशी विमान कंपनीला काही देणंघेणं नाही. गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि आपण प्रवासच केला नाही, तर ती सुटायच्या आत टीडीआर भरून रेल्वे पूर्ण पैसे परत देते. विमानाला आपण पोचलो नाही तर आपण 'नो शो'. तेव्हा सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, मूळ भाडं बहुतेक वेळा बुडतं. शिवाय जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट असेल तर येण्याचं तिकीटही साधारणपणे आपोआप रद्द होतं. हे कित्येकांना माहीतच नसतं.

आता तारखेचा घोळ. ताईचं विमान गुरुवारी ०२:४५ चं. घरात सगळे धरून चालले होते की गुरुवारी दुपारी आरामात निघायचं. आजीचा तर ठाम मुद्दा होता की पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे रात्री पावणेतीनला बुधवारच असतो. आणि खरं सांगते, या बाबतीत आजीचं पंचांग जास्त उपयोगी आहे! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एएम-पीएम घोकून घेतलं, पण गुरुवारी पहाटेचं विमान म्हणजे बुधवारी रात्री विमानतळावर, हे आजीच्या हिशोबानेच चटकन समजतं. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे हा घोळ अगदी कॉमन आहे.

यानंतर हिशोब उलटा मांडायचा, विमानापासून घराकडे. सिव्हिलवाल्यांना क्रिटिकल पाथ मेथड माहीत आहेच. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत वॉकर आणि केली यांनी ती काढली. त्यातला 'फ्लोट' म्हणजे एखादं काम किती वेळ लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही, तो वेळ. आपल्याला नेमका तोच काढायचाय.

विमान २:४५ ला. काउंटर बहुतेक एक तास आधी बंद, म्हणजे १:४५. ही खरी लक्ष्मणरेषा. तीन तास आधी या म्हणतात, म्हणजे ११:४५. आता शिर्डीहून संध्याकाळी ५:२५ ला सुटणारी वंदे भारत (ही १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली) साडेदहाच्या सुमारास दादरला पोचते. टॅक्सीला एक तास धरला तर साडेअकरा. कागदावर जमतंय! पण फ्लोट किती? लक्ष्मणरेषेपर्यंत सव्वादोन तास. मधे इगतपुरी-कसाऱ्याचा घाट, चढ ३७ ला १. त्यात एखाद्या मालगाडीचं इंजिन बंद पडलं की मागच्या गाड्या उभ्या. शिवाय पावसाळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटीने काढावं लागलं. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रेल्वे आणि विमानतळ दोन्ही बंद. सव्वादोन तासांवर बागेचं कर्ज टांगून ठेवायचं का, हा प्रश्न आहे. माझ्या मते नाही.

मग आदल्या दिवशीची, मंगळवारची, वंदे भारत? ती मंगळवारी धावतच नाही.

उपाय निघाला मनमाडमधून. बुधवारी पहाटे जीपने कोपरगाव, येवला करत मनमाड. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच आहे, पण या रस्त्याला दोन तास धरा, कारण सांगायला नको. तिथून सहाच्या सुमाराची पंचवटी, साडेदहापर्यंत दादर. टॅक्सीचा तास धरूनही फ्लोट सव्वाचौदा तास! पाच तास लेट झाली तरी चहा पिऊन जाता येईल. दुपारी हॉटेलवर चेक-इन, ताईची सक्तीची झोप, रात्री दहाला जेवून विमानतळ. खोली बुधवार ते गुरुवार अशी एकाच रात्रीची. रात्र खरी वापरली ती सोडायला आलेल्या मंडळींनी, कारण तिकिटाशिवाय कुणालाही टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. टाटा करून झाला की आजीला फुटपाथवर बसवून पहाटेची वाट थोडीच बघायची?

कुणी म्हणेल, समृद्धीने गाडीच का नाही नेत? ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, म्हणजे शिर्डीहून थेट भिवंडीजवळ उतरता येतं. बरोबर आहे. पण आमणेच्या पुढचा ट्रॅफिक कुणाच्याच हातात नाही. प्रत्येकाने आपापला फ्लोट काढावा.

विमान दिवसाचं असेल, समजा सकाळी अकराचं, तर मात्र आदल्या संध्याकाळची वंदे भारत उत्तम. रात्री दादरला उतरायचं, मुक्काम करायचा. इथे मेट्रोचा मोह होतो. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि दादरहून थेट टर्मिनल-२ च्या खाली नेते. पण रात्री साडेदहाच्या सुमाराला शेवटच्या मेट्रो सुटतात, म्हणजे आपण उतरतो तेव्हाच. आणि दोन तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन कुठल्याही लोकलमध्ये चढू नका, प्लीज. मेट्रो दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅगा कमी असतील तर. लोकल तर रात्री साधारण एक ते चार बंदच असते.

मुक्कामाचे दोन पर्याय. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम मिळते, स्वस्त आणि स्टेशनातच, पण खोल्या मोजक्या. दुसरा, अंधेरी पूर्व किंवा मरोळकडचं हॉटेल. त्यात एक गोची आहे. 'विमानतळापासून एक किलोमीटर' असं लिहिलेलं असतं ते डिस्प्लेसमेंट असतं, डिस्टन्स नव्हे. मधे धावपट्टी! हॉटेल पार्ल्याच्या बाजूला निघालं तर टर्मिनल-२ ला वळसा घालून जावं लागतं. म्हणून नकाशावर गाडीचा रस्ता बघायचा, आणि रात्री उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला आधी फोन करून सांगायचं, नाहीतर खोली दुसऱ्याला दिलेली असते. तिकिटावर विमानतळाचं नावही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. तिथून विमान असेल तर दादर-अंधेरी सगळं विसरा, ठाण्यालाच उतरा.

परतीचं तिकीट राहिलं. आम्ही गुरुवारी सकाळी ६:२० ला सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत घेतली. ती दादरलाही थांबते. पण गुरुवारी शिर्डीला जायला ही गर्दी असते, त्यामुळे बुकिंग साठ दिवस आधी खुलं झालं की लगेच करायचं. माणसं किती येणार हे त्याच दिवशी नक्की करा. आमच्याकडे आकडा अकरावरून चारवर आणायला विमानाच्या तिकिटाइतकाच वेळ गेला.

आणि बॅग भरताना एक. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नाही, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. आजीने प्रसादाच्या नारळाची वाटी वाळवून दिली होती, ती आम्ही दादरच्या हॉटेलात चटणीबरोबर संपवली.