क्रायोनिक्स: संस्थेची वाढ आणि देहांची साठवण

म्हणजे काय? मृत्यू जाहीर झाल्यावर, पुढे कधी पुन्हा जिवंत करता येईल या आशेने, देह उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवणे. आजवर एकही माणूस पुन्हा जिवंत झालेला नाही.

• पहिला देह: जेम्स बेडफर्ड, १२ जानेवारी १९६७. तो अजून जतन आहे.

• चॅट्सवर्थ, कॅलिफोर्निया: साठवण नातेवाइकांच्या पैशांवर अवलंबून होती. पैसे आटले, नायट्रोजन भरणे थांबले, देह कुजले. १९७९ मध्ये हे उघडकीस आले.

• अल्कॉर ही संस्था (स्थापना १९७२, आता अ‍ॅरिझोनात) आणि मिशिगनची क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट (स्थापना १९७६) साठवणीची पूर्ण रक्कम आधीच घेतात, बहुधा आयुर्विम्यातून.

• संस्था चालवणे आणि देह साठवणे यांतला मुख्य फरक: सभासदांची वर्गणी चालू कामकाजासाठी असते. साठवणीचा खर्च गुंतवलेल्या निधीच्या उत्पन्नातून भागवायचा असतो, म्हणजे नवे सभासद आले नाहीत तरी टाक्या भरता येतात. टाक्यांना वीज लागत नाही, नायट्रोजन मात्र नियमित लागतो.